स्थानिक इतिहास मंडळे : सभेतून घडणारे नगराचे ज्ञान

इतिहास म्हटला की राजवंश, राजधान्या आणि लढाया डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु गावचा तलाव कोणी बांधला, वेशीजवळच्या शिळेवर काय कोरले आहे, एखाद्या वस्तीला तिचे नाव कशावरून पडले, या प्रश्नांची उत्तरे मोठ्या ग्रंथांत क्वचितच मिळतात. ती शोधण्याचे काम आपल्या देशात प्रामुख्याने स्थानिक इतिहास मंडळांनी केले. या मंडळांच्या कार्याचा गाभा म्हणजे त्यांच्या सभा व व्याख्याने. झपाट्याने वाढणाऱ्या शहरांत त्यांचे महत्त्व कसे वाढले आहे, हे बंगळूरच्या उदाहरणावरून समजून घेता येते.

मिथिक सोसायटीची स्थापना

बंगळूर येथे १९०९ साली 'मिथिक सोसायटी' स्थापन झाली. फादर ए. एम. टाबार यांनी तिचे नेतृत्व केले. युरोपीय अधिकारी व भारतीय विद्वान असे दोन्ही प्रकारचे सभासद तिच्यात होते. नाव पुराणकथांशी निगडित असले, तरी म्हैसूर संस्थान व दक्षिण भारताचा इतिहास, पुरातत्त्व, समाजजीवन आणि धर्मविचार हे तिच्या अभ्यासाचे विषय होते. आज नृपतुंग रस्त्यावर असलेल्या तिच्या वास्तूस तत्कालीन ब्रिटिश रेसिडेंट सर ह्यू डॅली यांचे नाव देण्यात आले.

पुढच्याच वर्षी, ७ जुलै १९१० रोजी, पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एक संस्था संस्थानी राजवटीच्या छायेत वाढली, तर दुसरी स्वाभिमानी लोकाश्रयावर उभी राहिली. तरीही अभ्यासकांनी नियमितपणे एकत्र यावे, टिपणे वाचावीत आणि त्यांवर चर्चा करावी, ही कार्यपद्धती दोन्हीकडे समान होती.

सभा, चर्चा आणि मुद्रण

अशा सभेचे कार्य तीन टप्प्यांत चालते. प्रथम अभ्यासक आपले निष्कर्ष पुराव्यासह मांडतो. त्यानंतर श्रोते शंका विचारतात. या श्रोत्यांत लिपितज्ज्ञ असतो, भाषेचा अध्यापक असतो आणि त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला सामान्य नागरिकही असतो. जुने शेत, बुजलेली विहीर वा बदललेले गावनाव यांविषयी अशा नागरिकाची माहिती ग्रंथालयात मिळत नाही. तिसरा टप्पा मुद्रणाचा. चर्चेत टिकलेले टिपण त्रैमासिकात छापले जाते आणि दूरच्या अभ्यासकालाही त्याची तपासणी करता येते. हा तिसरा टप्पा गाळला, तर उत्तम व्याख्यानही ऐकणाऱ्यांच्या स्मरणापुरतेच उरते.

आख्यायिका आणि शिलालेख

पुराव्याच्या चर्चेने काय साधते, याचे चांगले उदाहरण म्हणजे बंगळूरचे नाव. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका वृद्धेने त्याला उकडलेल्या शेंगांचे दाणे खाऊ घातले, म्हणून गावाला 'बेंदकाळूरु' हे नाव पडले, अशी कथा सांगितली जाते. हा राजा बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात गादीवर आला. परंतु शहराच्या दक्षिणेकडील बेगूर येथील नागेश्वर मंदिरात सुमारे इ. स. ८९० चा एक शिलालेख आहे आणि त्यात 'बेंगळूरु'च्या लढाईचा उल्लेख आहे. म्हणजे हे नाव कथेतील राजाहून जवळजवळ तीन शतके जुने आहे. केम्पेगौडा यांनी १५३७ साली वसविलेल्या नगराच्याही ते कितीतरी आधीचे ठरते. यामुळे कथा टाकाऊ ठरत नाही. ती लोकस्मृतीचा पुरावा म्हणून अभ्यासायची असते, कालनिर्णयासाठी नव्हे. हा विवेक श्रोत्यांत रुजविणे, हे इतिहासविषयक व्याख्यानाचे खरे फलित होय.

मराठी इतिहासाशी दुवा

स्थानिक इतिहास संकुचित असतो, असा एक आक्षेप घेतला जातो. बंगळूरचाच इतिहास त्याला उत्तर देतो. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे नगर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे वर्णन करणारा जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' राजवाडे यांनी संपादून १९२२ साली प्रसिद्ध केला. मल्लेश्वरम्‌मधील काडू मल्लेश्वर मंदिरातील १६६९ च्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी देवस्थानाला दिलेल्या ग्रामदानाची नोंद आहे. संपादित ग्रंथ पुण्याकडचा आणि शिळा बंगळूरची. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय या कालखंडाचे चित्र पूर्ण होत नाही.

शहराची वाढ आणि नष्ट होणारी साधने

बंगळूर जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह बी. एल. राइस यांनी 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या नवव्या खंडात १९०५ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर खेडी शहरात सामावली, तलाव बुजले, रस्ते रुंदावले. नोंदविलेल्या शिळांपैकी अनेक आज जागेवर नाहीत; त्यांचा केवळ छापील पाठ उरला आहे. ज्यांची नोंदच झाली नव्हती, त्यांचा तर मागमूसही राहिला नाही.

या पार्श्वभूमीवर नागरिकांचे प्रयत्न लक्षणीय ठरतात. हेब्बाळ येथील सुमारे इ. स. ७५० चा कित्तय्याचा वीरगळ स्थानिक रहिवासी व इतिहासप्रेमींच्या पुढाकाराने जपला गेला. २०२१ पासून मिथिक सोसायटीने परिसरातील शिलालेखांचे त्रिमितीय डिजिटल जतन हाती घेतले. झिजलेली अक्षरेही या पद्धतीने अधिक स्पष्ट वाचता येतात आणि शिळा नष्ट झाली तरी तिचे रूप अभ्यासासाठी उपलब्ध राहते.

पुढील दिशा

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ च्या कायद्याचे संरक्षण आहे. मात्र रस्त्याकडेच्या असंख्य वीरगळांचा समावेश कोणत्याच यादीत नसतो. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये वारसा जतन करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. त्याला संघटित रूप देण्याचे काम स्थानिक मंडळे करू शकतात.

त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. गावातील प्रत्येक शिळेचे स्थान, माप व छायाचित्र नोंदवावे. तिच्यावर रंग, तेल वा शेंदूर लावू नये. तज्ज्ञाकडून वाचन करून घ्यावे. सभेत ते मांडावे आणि छापून ग्रंथालयात ठेवावे. महानगरपालिका व ग्रामपंचायतींनी खोदकामापूर्वी अशी नोंदवही पाहण्याची पद्धत स्वीकारली, तर विकास आणि वारसा यांतील संघर्ष पुष्कळ अंशी टळेल. शाळांनीही या सभांना विद्यार्थी पाठवावेत. आपल्या गावच्या शिळेवर काय कोरले आहे हे ज्या मुलाला ठाऊक असेल, तो मोठेपणी ती शिळा पायरीसाठी फोडू देणार नाही.