जुनी पजेरो सांभाळताना

वडनेर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. रात्रंदिवस ट्रक वाहतात, त्यामुळे पंक्चरवाला, वेल्डर आणि ट्रकचा मिस्त्री हाकेच्या अंतरावर. आमच्या दारात आहे ती 2.8 लिटर डिझेल इंजिनाची पजेरो एसएफएक्स. हिंदुस्तान मोटर्सनं 2002 साली ही गाडी आपल्याकडे बाजारात आणली. तमिळनाडूत तिरुवल्लूरच्या कारखान्यात ती जोडली जायची, आणि आता ती बंद होऊनही बरीच वर्षं झाली. एके काळी पुढाऱ्यांच्या ताफ्यात दिसणारी ही गाडी आज नव्या ट्रॅक्टरहून कमी पैशात मिळते, पण सुटे भाग अजून जुन्या थाटातच येतात. म्हणून मी ठामपणे सांगतो, हातात पाना धरायची आवड असेल तरच ही गाडी घ्यावी.

1. बॉनेट उघडण्याआधी कागद उघडा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आल्यापासून तिकडच्या अशा गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. ना हरकत प्रमाणपत्र खरं आहे का, चासीवर कोरलेला नंबर आरसीशी जुळतो का, कर्ज फिटलंय का, हे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. पंधरा वर्षं झाली की वर्ध्याच्या आरटीओत पुनर्नोंदणी, आणि ती पाचच वर्षांची. एप्रिल 2022 पासून त्याचं केंद्राचं शुल्क 5,000 रुपये आहे. वीस वर्षांवरच्या गाडीला 2025 पासून 10,000. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरून चाला.

2. आपल्याकडे इंजिनाचा खरा शत्रू मे महिना. पारा 45 च्या पुढे जातो आणि एसी लावून नागपूरला निघालं की काटा वर सरकू लागतो. या 4एम40 इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. दोन्ही धातू तापल्यावर सारखे पसरत नाहीत. एकदा काटा लाल रेषेला लागला की हेड वाकतं किंवा तडकतं, आणि मग गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी. म्हणून काटा नेहमीच्या जागेवरून जरासा जरी हलला तरी एसी बंद करून गाडी बाजूला घ्यायची.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच घालू नये. त्यातला क्षार नळ्यांच्या आत थर धरतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, बस्स. बाहेरच्या बाजूनं आणखी एक गोष्ट दिसत नाही ती म्हणजे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट. धूळ, किडे, कापसाचे तंतू तिथे गोधडीसारखे जमतात. उन्हाळ्याआधी इंजिनाकडून बाहेरच्या दिशेनं, हलक्या धारेनं ती धुवायची. जोराच्या धारेनं जाळीची पाती वाकतात. इंजिन तापलेलं असताना बंद करा, किल्ली खिशात टाका आणि पंखा हातानं फिरवून पाहा. मोकळा गरगरला तर पंख्याचं कपलिंग गेलं. नीट असेल तर तो अडून अडून फिरतो.

3. सुटा भाग गाडीच्या नावानं मागू नका, नंबरानं मागा. मागच्या डिफरेन्शियलच्या तोंडाशी तेल पाझरायला लागलं तेव्हा जुनं सील काढून डिझेलनं पुसलं. रबरावर तीन आकडे उठून दिसले, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. हिंगणघाटला ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात ‘पजेरोचं सील’ म्हटलं की दुकानदार मान हलवतो. आकडे सांगितले, तर त्यानं मागे न वळता हात वर केला आणि डबा काढला. “भाऊ, असं सांगा ना!” बेअरिंगचंही तसंच, नंबर त्याच्या कडीवर कोरलेला असतो. जे असं मिळत नाही त्यासाठी मुंबईत कुर्ल्याचा बाजार, पुण्यात नाना पेठ. दार, काच, दिवे तिथून जुने घ्या. बॉल जॉइंट, ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे रॉड मात्र जुने घेऊ नयेत. रंग मारून चकचकीत केलेले असले तर मुळीच नाही.

4. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. चारही चाकांची ताकद चिखलात शिरण्याआधीच जोडावी, फसल्यावर नाही. परत डांबरावर आलं की ती लगेच सोडवायची. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. पुढचे-मागचे एक्सल एकमेकांना जखडलेले असले तर तो ताण कोरड्या रस्त्यावर कुठेच सुटत नाही आणि गिअर, शाफ्ट यांवर येतो. एरवीही महिन्यातून एकदा मोकळ्या मातीत चार चाकांवर गाडी चालवावी, म्हणजे आतलं तेल हलतं आणि लिव्हर अडकून बसत नाही.

नाल्याच्या पाण्यातून गेलात तर डिफरेन्शियलचं तेल तपासा. तापलेला एक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते. एक्सलची श्वासनळी चिखलानं बुजलेली असेल तर तो सीलच्या फटीतून पाणी ओढतो. प्लग सैल केल्यावर पांढरट तेल निघालं तर त्याच दिवशी बदलायचं.

5. गिअरबॉक्सचं तेल वेगळं, डिफरेन्शियलचं वेगळं. डब्यावरचं जीएल-4 आणि जीएल-5 वाचा, आणि आपल्या गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघा.

6. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरू नका. दोन टनांच्या आसपास वजन आहे. लोखंडी स्टँड, चाकांना दगडाचा अटकाव, घरात कुणाला तरी सांगून ठेवणं, या तिन्ही गोष्टी झाल्यावरच खाली जा.

7. कापूस घरात आला की उंदीरही येतात, आणि वायरिंग कुरतडलेलं सापडतं. गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॉनेट उघडूनच सेल्फ मारा.

8. काय करायचं नाही हेही ठरवा. डिझेल पंप आणि नोझल मी उघडत नाही. त्यासाठी टेस्ट बेंच लागतो आणि तो पंपवाल्याकडेच असतो. टर्बोचंही तसंच. पुढच्या टॉर्शन बारचा ताण सोडवणं हे अनुभवी मिस्त्रीचंच काम. मात्र हीटर प्लग, फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड, शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस हे सगळं दारातल्या कडुलिंबाखाली होतं. प्रत्येक काम तारखेसह आणि किलोमीटरसह वहीत लिहितो, भागाचा नंबर त्याच ओळीत. हेड गॅस्केटचा एक जादा संच आधीच कपाटात घेऊन ठेवलाय, कारण पुढच्या वर्षी तो बाजारात असेलच असं नाही.