सर्ज प्रोटेक्टरवरील आकड्यांचा अर्थ

वादळी पावसाच्या दिवसांत वीज दूर कोसळली, तरी तारांमधून येणारी उच्च दाबाची क्षणिक लाट घरातील दूरचित्रवाणी संच किंवा शाखेतील संगणक निकामी करू शकते. ही लाट काही मायक्रोसेकंदांचीच असल्याने एमसीबी वा स्टॅबिलायझर तिला अडवू शकत नाही. ते कार्य सर्ज प्रोटेक्टरचे. त्यातील व्हॅरिस्टर हा घटक एरवी जवळजवळ निष्क्रिय असतो. दाब मर्यादेपलीकडे जाताच तो वाहक बनून लाटेचा प्रवाह अर्थिंगकडे वळवतो.

खरेदी करताना आपले लक्ष किलोअँपिअरच्या ठळक आकड्याकडे जाते. तथापि, मुदतठेवीचा केवळ व्याजदर पाहून भागत नाही, तसेच येथेही आहे. किलोअँपिअरचा आकडा प्रोटेक्टरची स्वतःची सहनशक्ती सांगतो. त्यातील ‘नॉमिनल’ म्हणजे वारंवार सोसता येणारा प्रवाह, तर ‘मॅक्सिमम’ म्हणजे क्वचितच सोसता येणारा.

आपली उपकरणे वाचतील की नाही, हे ‘यूपी’ या आकड्यावरून कळते. लाट वळवल्यानंतरही उपकरणापर्यंत पोहोचणारा दाब तो दर्शवतो. म्हणून तो जितका कमी, तितके संरक्षण अधिक. २३० व्होल्टच्या घरगुती उपकरणांची क्षणिक सहनशक्ती सर्वसाधारणपणे २.५ किलोव्होल्ट, तर नाजूक उपकरणांची १.५ किलोव्होल्ट धरली जाते. ‘यूसी’ म्हणजे प्रोटेक्टरला सतत सोसता येणारा दाब. जेथे पुरवठ्याचा दाब वारंवार वाढतो, तेथे २७५ ऐवजी ३२० व्होल्टचा प्रोटेक्टर अधिक टिकाऊ ठरतो. मात्र त्याचा ‘यूपी’ काहीसा अधिक असू शकतो.

‘टाइप १’ प्रोटेक्टर तडितरक्षक बसवलेल्या इमारतीच्या मुख्य पॅनेलवर, ‘टाइप २’ वितरण पेटीत आणि ‘टाइप ३’ प्रत्यक्ष उपकरणाजवळ बसवावा.

येथे एक मर्यादा ध्यानी घ्यावी. न्यूट्रल तुटल्यास घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि तो दीर्घकाळ टिकतो. तेथे सर्ज प्रोटेक्टर उपयोगी पडत नाही, उलट स्वतःच जळू शकतो. त्यासाठी अतिदाब येताच पुरवठा तोडणारे स्वतंत्र उपकरण हवे.

जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. अर्थिंग सुस्थितीत असावे आणि जोडतारांची एकूण लांबी शक्यतो अर्ध्या मीटरपेक्षा अधिक नसावी. प्रत्येक लाटेगणिक व्हॅरिस्टर झिजत असतो. बहुतेक प्रोटेक्टरवर दर्शक खिडकी असते. ती लाल झाल्यास वीजपुरवठा सुरू असला, तरी संरक्षण संपलेले असते. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर तिच्याकडे एकवार अवश्य पाहावे.