नाव लिहू नका, निवडा : हिशेबाच्या शीटमधील ड्रॉप-डाउन यादी

संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांना एक गैरसमज असतो. मलाही होता. बेरीज यंत्र करते, म्हणजे हिशेब चुकणार नाही. बेरीज चुकत नाही हे खरे, पण बेरजेत काय धरायचे आणि काय सोडायचे हे यंत्र आपण लिहिलेल्या अक्षरांवरून ठरवते. अक्षर चुकले की हिशेब चुकला, आणि तो चुकला हे कळतही नाही.

२०१९ च्या ईदच्या आठ-दहा दिवस अगोदरची गोष्ट. आमच्याकडून सूत नेऊन मजुरीवर ग्रे कापड विणणारे एक वयस्कर चाचा हिशेबाला आले. शीटमध्ये त्यांचे बावीस ताके निघाले. ते म्हणाले, "सेठ, मेरे इकतीस हैं." मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवून दाखवला आणि वर म्हणालो की कॉम्प्युटर खोटे बोलत नाही. चार माणसांसमोर म्हणालो. ते काही बोलले नाहीत, बावीस ताक्यांचे पैसे घेऊन गेले. ईदनंतर गोदामातला माल मोजला तर नऊ ताके जास्त. शोधता शोधता उलगडा झाला. त्यांच्या नावातले 'मोहम्मद' माझा मुलगा इंग्रजीत पूर्ण लिहायचा, मुनीम चार अक्षरांत आखडून लिहायचा आणि मी दोनच अक्षरांत. तीन स्पेलिंगे म्हणजे यंत्राच्या लेखी तीन माणसे. बेरीज एकाचीच आली होती. नऊ ताक्यांची मजुरी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. पैसे त्यांनी घेतले, पण चार माणसांसमोर बोललेला शब्द पैशाने परत येत नाही.

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. वडिलांची वही उर्दूत होती, तीत एका नावाला एकच लिखाण होते आणि लिहिणारा हातही एकच. संगणकावर तीन हात आले. आपल्यातल्या नावांचे तर विचारूच नका. शेख इंग्रजीत किती तऱ्हेने लिहितात ते मोजून पाहा. यावर उपाय म्हणजे नाव लिहायचेच नाही, यादीतून निवडायचे. खान्याच्या कडेला छोटा बाण येतो, तो दाबला की यादी खाली उलगडते, त्यातले एक निवडले की खाना भरतो. हीच ड्रॉप-डाउन यादी. ॲपलच्या लिसा संगणकावर १९८३ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या विंडोजमध्ये १९८५ साली खाली उलगडणारे मेनू होतेच. फरक एवढा की मेनूतली ओळ दाबली की काम होते (छापा, जतन करा वगैरे) आणि यादीतली ओळ निवडली की ती नोंद म्हणून राहते. आपल्याला हवी ती दुसरी.

आता कृती पाहू. मी एक्सेलची सांगतो, कारण बहुतेकांकडे तेच असते. सूत्रे व नावे इंग्रजी अक्षरांत टाइप करायची आहेत. इथे छपाईसाठी नागरीत दिली आहेत.

एकाच फाइलमध्ये दोन शीट घ्या. पहिल्याला 'आवक' नाव द्या, दुसऱ्याला 'याद्या'. आवकमध्ये ए स्तंभात तारीख, बी मध्ये कारीगर, सी मध्ये मालाची जात, डी मध्ये पन्ना, ई मध्ये ताके, एफ मध्ये मीटर. याद्या शीटमध्ये ए१ ला 'कारीगर' असे शीर्षक लिहून त्याखाली एकाखाली एक नावे भरा, मध्ये रिकामा खाना सोडू नका. इथे एक सूचना माझ्या तजुर्ब्यातून करतो. नावाआधी क्रमांक घाला, '१७ - अमुक' असा. आपल्या मोहल्ल्यात एकाच पूर्ण नावाचे दोन-तीन विणकर सहज निघतात. यादी स्पेलिंग एक करील, पण दोन माणसे वेगळी करणार नाही, ते काम क्रमांकाचे. नाव कोणत्या लिपीत लिहायचे ही तुमची मर्जी. देवनागरी, उर्दू, इंग्रजी, यादीला सगळे चालते.

नावे भरली की त्यांच्यावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि टी दाबा. शीर्षक आहे का असे विचारले जाईल, तिथे खूण ठेवून ओके करा. याने साध्या ओळींचे 'टेबल' बनते. आता शीर्षक सोडून फक्त नावे निवडा आणि सूत्रपट्टीच्या डाव्या टोकाला जो छोटा चौकोन असतो त्यात 'कारीगर' टाइप करून एंटर दाबा. झाले, या यादीला नाव मिळाले. या नावात मोकळी जागा चालत नाही. टेबल करण्याचा फायदा असा की उद्या नवा विणकर आला आणि त्याचे नाव शेवटच्या ओळीखाली लिहिले की यादी आपोआप वाढते. पूर्वी मी हे केले नव्हते, त्यामुळे प्रत्येक नव्या माणसाला यादी पुन्हा बांधावी लागे.

मग आवक शीटवर या. बी२ पासून बी५०० पर्यंत खाने निवडा. वर डेटा टॅब, त्यात डेटा व्हॅलिडेशन. सेटिंग्जमध्ये ॲलाऊच्या जागी लिस्ट निवडा, सोर्समध्ये '=कारीगर' लिहा. इन-सेल ड्रॉपडाउन यावर खूण असली पाहिजे, नाहीतर नियम लागेल पण बाण दिसणार नाही. बाण खाना निवडल्यावरच दिसतो, म्हणून "बाण आला नाही" अशी तक्रार करण्याआधी खान्यावर क्लिक करून बघा. माऊस नको असेल तर ऑल्ट धरून खालचा बाण दाबला तरी यादी उघडते. लहान यादी, समजा 'रोख' आणि 'उधार', सोर्समध्ये थेट स्वल्पविराम देऊन लिहिता येते. पण अशी यादी २५५ अक्षरांपुढे जात नाही आणि पुढे बदलायची तर प्रत्येक ठिकाणी शोधावी लागते.

इग्नोअर ब्लँक नावाची एक खूण त्याच चौकटीत असते. ती दिसायला निरुपद्रवी आहे. पण नाव दिलेल्या यादीत एखादा खाना रिकामा राहिला आणि ही खूण असली, तर एक्सेल काहीही लिहू देते. कुंपण आहे, फाटक उघडे. मध्ये रिकामा खाना नको म्हणालो ते याचसाठी. त्याशेजारी एरर अलर्टची चौकट आहे. तिच्यात तीन प्रकार आहेत. स्टॉप यादीबाहेरचे घेतच नाही, वॉर्निंग विचारते आणि हो म्हटले तर घेते, इन्फर्मेशन नुसते कळवते. नावांना स्टॉपच लावा. मीटरला मात्र वेगळा न्याय. तिथे यादी नको, ॲलाऊमध्ये डेसिमल घेऊन किमान व कमाल आकडा द्या आणि वॉर्निंग ठेवा, कारण एखादा ताका खरोखरच आखूड किंवा लांब निघतो. संदेशाच्या जागेत तुमच्या भाषेत लिहा. आमच्याकडे 'हे नाव यादीत नाही, सेठला विचारा' असे येते.

आता मालाची जात आणि पन्ना. कॅम्ब्रिक निवडले तर कॅम्ब्रिकचेच पन्ने दिसावेत, पॉपलीनचे नको. याला एकावर एक अवलंबून असलेली यादी म्हणता येईल. मालाच्या जातींची यादी कारीगरांसारखीच करून सी स्तंभाला लावा. मग प्रत्येक जातीच्या पन्न्यांचे वेगळे टेबल करून त्याला नेमके त्या जातीचेच नाव द्या, अक्षरात अक्षर जुळले पाहिजे. जात दोन शब्दांची असेल तर यादीतही मध्ये अधोरेषा घाला. डी२ पासून खाली खाने निवडून सोर्समध्ये '=इनडायरेक्ट($सी२)' लिहा. डॉलरचे चिन्ह सी च्या आधी हवे, दोनच्या आधी नको, म्हणजे प्रत्येक ओळ आपापल्या सी खान्याकडे बघेल. सी२ त्या वेळी रिकामा असेल तर एक्सेल सोर्समध्ये चूक आहे असे सांगून पुढे जाऊ का विचारते. यस म्हणा, घाबरू नका.

यात एक खोट आहे. मुलाने आधी कॅम्ब्रिक निवडले, पन्ना निवडला, मग चूक लक्षात आली म्हणून कॅम्ब्रिकचे पॉपलीन केले, तर जुना पन्ना तसाच बसून राहतो. यंत्र ओरडत नाही. मी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये डी स्तंभाला '=काउंटइफ(इनडायरेक्ट($सी२),$डी२)=०' हे सूत्र देऊन लाल रंग लावला आहे. न जुळणारा पन्ना लाल होतो, आणि जात भरून पन्ना विसरला तरी लाल होतो.

याहून मोठी खोट पेस्टची. यादी फक्त टाइप केलेले तपासते. मोबाइलवरून आलेला मजकूर चिकटवला तर ती तपासत नाही, आणि दुसऱ्या खान्यातून कॉपी करून चिकटवले तर यादीच पुसली जाते. जुन्या नोंदींनाही ती आपणहून हात लावत नाही. त्यासाठी डेटा व्हॅलिडेशनच्या बाणाखाली 'सर्कल इनव्हॅलिड डेटा' आहे, ते दाबले की यादीबाहेरच्या नोंदींभोवती लाल वर्तुळे येतात. मी पहिल्यांदा दाबले तेव्हा अर्धे पान लाल झाले होते. आता दर जुम्म्याला सकाळी दाबतो.

कारीगर हिशेबाला येऊन बसतो, तेव्हा त्याचे खाते झटकन उघडावे म्हणून तिसऱ्या शीटवर बटणासारखी यादी ठेवता येते. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन इथे डेव्हलपरवर खूण करा म्हणजे तो टॅब दिसेल. त्यात इन्सर्ट, फॉर्म कंट्रोल्समधला कॉम्बो बॉक्स घेऊन शीटवर आखा. उजवे क्लिक, फॉरमॅट कंट्रोल. इनपुट रेंजमध्ये 'कारीगर', सेल लिंकमध्ये एच१, आणि ड्रॉप डाउन लाइन्समध्ये आठ असतात त्या पंधरा करा. निवड केल्यावर एच१ मध्ये नाव येत नाही, यादीतला कितवा तो आकडा येतो. म्हणून एच२ मध्ये '=इंडेक्स(कारीगर,एच१)' आणि एच३ मध्ये '=समइफ(आवक!बी:बी,एच२,आवक!ई:ई)'. ताके समोर. पण हे बटण बघण्यापुरतेच ठेवा, नोंद करायला नको. उद्या यादी अकारविल्हे लावली तर पाचव्या जागेवर दुसराच माणूस येईल आणि तोच आकडा त्याचे नाव दाखवील.

एक्सेल विकत घ्यायचे नसेल तर लिब्रेऑफिस फुकट आहे. तिथे डेटा, व्हॅलिडिटी, सेल रेंज असा मार्ग आहे. गूगल शीट्समध्ये डेटा व्हॅलिडेशनमध्येच ड्रॉपडाउन मिळते, चुकीचे नाकारायचे की इशारा द्यायचा हेही विचारले जाते. फोनवर भरणाऱ्या मुलांना ते सोपे जाते.

बिलाच्या शीटलाही हेच लावा. राज्याचे जीएसटी क्रमांक (महाराष्ट्र २७, गुजरात २४, राजस्थान ०८) आणि मालाचे एचएसएन. कापसाचे प्रमाण ८५ टक्के किंवा जास्त असलेले सुती कापड चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंत असेल तर ५२०८, त्याहून जड असेल तर ५२०९. एक आकडा इकडचा तिकडे झाला की कापड दुसरे ठरते. सरकारी पोर्टलनेही २०२५ मध्ये जीएसटीआर-१ च्या तक्ता १२ मध्ये एचएसएन हाताने लिहिणे बंद करून यादीतून निवडायला लावले.

यादीत 'इतर' ही ओळ ठेवू नका. आम्ही ठेवली होती, दोन महिन्यांत चौथा हिस्सा माल 'इतर' झाला. याद्या शीटला रिव्ह्यू टॅबमधून प्रोटेक्ट शीट करून पासवर्ड लावला आहे. नवे नाव मी किंवा थोरला मुलगाच घालतो, विणकराला समोर बसवून, त्याला त्याचे नाव वाचून दाखवून. त्याचा क्रमांक त्याच्या पासबुकावरही लिहितो. ताके उतरवून घेणाऱ्या पोराला नावे वाचता येत नाहीत, पण आकडे येतात, म्हणून हीच यादी मोठ्या अक्षरांत छापून ताके मोजायच्या टेबलावर भिंतीला लावली आहे. चाचांचा क्रमांक त्यात पहिला आहे.