विचारून चाललेली वाट

पोरांनो, पाऊस सुरू झाला की डोंबिवली-कल्याणच्या गच्च्यांवरून श्रीमलंग आणि चंदेरी हे डोंगर खुणावू लागतात. जरूर जा. पण पायथ्यापर्यंतची वाट कुणाच्या तरी सातबाऱ्यातून जाते, एवढं मनात ठेवा.

हक्क धरून चालू नका. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्यानं खासगी रानातही जबाबदारीनं फिरायची मुभा सगळ्यांना दिली. आपल्याकडे तशी मुभा नाही. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्यानं तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देतो, पण ती शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यासाठी. आपण तिथे पाहुणे.

वहिवाटीची वाट धरा. गावनकाशात एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट. मोबाइलवरची रेघ कुणाच्या अंगणातूनही जात असेल, तिच्यावर विसंबू नका.

पाडा आला की थांबा. "मावशी, इकडून वर गेलं तर चालेल का?" एवढं विचारा. ठाकर-कातकऱ्यांइतकं ते रान कुणाला ठाऊक नाही. वाटाड्या घ्या, मजुरी आधी ठरवा आणि ठरलेली पुरती द्या. नको म्हणाले तर वाद न घालता परत फिरा.

जुलैत लावणी असते. तेव्हा चिखलानं नुकताच लिंपलेला बांध पायानं खचवू नका. तो फुटला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि घरच्यांची मेहनत वाया जाते. भात कापून होईपर्यंत शेताच्या कडेनं, एकामागे एक चाला. उन्हाळ्यात वरकस जमिनीवरचं गवत वाळलेलं असतं, तिथे चूल पेटवू नका. फाटक उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलंच ठेवा.

ओढ्या-नद्यांचं पात्र 1966 च्या जमीन महसूल संहितेनुसार सहसा सरकारचं असतं, पण काठ बहुधा शेतकऱ्याचा. तिथे उतरायचं तर काठवाल्याला विचारा. बदलापूरजवळच्या कोंडेश्वराच्या कुंडात पोहणाऱ्यांचे जीव गेलेत. जिल्हाधिकाऱ्यांचा पावसाळी बंदीहुकूम असेल तर तो पाळा. पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा वाहून येऊ लागला, तर वर डोंगरात जोराचा पाऊस झालाय असं समजा आणि त्या क्षणी काठ सोडून वर चढा. बारवी धरणाचं पाणी आपल्याच नळाला येतं, त्यात साबण लावू नका.

ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागू होतो. चौकीवर नोंद करा, वेळ पाळा, अंधार पडायच्या आत बाहेर या. रान बिबट्याचं आहे.

एका टोळीनं फोडलेली बाटली गुराच्या खुरात घुसली की शेतकरी कुंपण घालतो, आणि मग ती वाट सगळ्यांनाच बंद होते. त्याला दोष देता येणार नाही. म्हणून आपला कचरा पिशवीत भरून घरी आणा, आणि परतताना पाड्यावर थांबून "येतो आम्ही" एवढं सांगूनच निघा.