टर्नटेबलची गुणगुण आणि माडीची जमीन

प्रश्न : वडिलांच्या एलपी ऐकता याव्यात म्हणून भावाने अमेरिकेहून त्याचा जुना, बेल्टवर फिरणारा टर्नटेबल आणून दिला. तो ११० व्होल्टचा असल्याने स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवतो. पण स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ येत राहतं. आमचं घर जुनं, लाकडी माडीचं. कुणी चाललं की सुई उडते. शिवाय गाणी संथ आणि खालच्या पट्टीत वाटतात. दुकानदार म्हणतात, वीज खराब आहे, पॉवर कंडिशनर बसवा. त्याची किंमत ॲम्प्लिफायरएवढी आहे. घ्यावा का? आणि स्टँड कसला करावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आत्ता घेऊ नका. कंडिशनर विजेतला बारीक गोंगाट गाळतो, अचानक उसळणारा दाब अडवतो. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ दुसरीकडे आहे.

पट्टीचं आधी सांगतो. जुन्या बेल्टच्या टर्नटेबलांमध्ये बहुधा सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ मात्र तेच राहतात. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेरे घ्यायची तबकडी २८ च्या आतच फिरते. काळी चारमध्ये गायलेला ख्याल तुम्हाला पांढरी चारमध्ये ऐकू येत असणार. यावर उपाय मोटरच्या पुलीचा. ५० हर्ट्झसाठीची पुली घेराने एक पंचमांश मोठी असते. त्या मॉडेलची मिळाली तर उत्तम, नाहीतर चांगल्या लेथवाल्याकडून पितळेची करून घ्या. वडिलांनी ज्या पट्टीत ती गाणी ऐकली, त्याच पट्टीत ती वाजली पाहिजेत. म्हणून हे काम सगळ्यात आधी.

आता गुणगुण. सुईमागचं कार्ट्रिज सुमारे ५ मिलिव्होल्ट देतं. फोनो प्री-ॲम्प ते जवळपास शंभरपट करतो. एलपी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला असतो, तो वाजवताना परत उचलावा लागतो. त्यामुळे मधल्या सुरांच्या मानाने ५० हर्ट्झला आणखी सातपट वाढ मिळते. आणि आपली वीज नेमकी ५० हर्ट्झची! कार्ट्रिजजवळ ट्रान्सफॉर्मर असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र थेट गाण्यात शिरतं. तो तुम्ही टर्नटेबलच्या खालच्याच फळीवर ठेवला असेल, असा माझा कयास आहे. रेकॉर्ड न लावता आवाज वाढवा आणि टोनआर्म हाताने हळूच आत-बाहेर न्या. गुणगुण कमी-जास्त झाली तर चोर सापडला. ट्रान्सफॉर्मर तीन-चार फूट लांब, शक्य तर जमिनीवर ठेवा. ॲम्प्लिफायरही टर्नटेबलच्या थेट खाली नको.

फरक पडला नाही तर अर्थिंग पाहा. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर ॲम्प्लिफायरच्या ‘जीएनडी’ स्क्रूला घट्ट आहे ना? सगळी यंत्रं एकाच बोर्डावर आहेत ना? दोन भिंतींवरच्या दोन सॉकेटांतून वीज घेतली की अर्थचे दोन रस्ते होतात आणि त्यांच्या वळशातून गुणगुण येते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि डिमरही बंद करून ऐका. जुन्या घरात पुष्कळदा तिसऱ्या पिनेला वायरच नसते. वायरमनकडून तपासून घ्या. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढून टाका, असं कुणी सुचवलं तर मुळीच ऐकू नका. त्या पिनेवर घरातल्यांचा जीव आहे.

सुई उडते ती माडीमुळे. टोनआर्म आणि कार्ट्रिज मिळून साधारण ८ ते १२ हर्ट्झला सहज डोलतात. लाकडी तक्तपोशीवर पाऊल पडलं की तिची लय याच्या जवळपास असते. जमिनीवर उभा केलेला कितीही महागडा स्टँड ही थरथर वरच घेऊन जातो. म्हणून टर्नटेबल भिंतीवर न्या. नऊ इंची विटांच्या भिंतीत लोखंडी अँगल अँकर बोल्टांनी बसवा, वर १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय टाका. एमडीएफ नको, पावसाळ्यात फुगतो. चार इंची पार्टिशनवर तर हा प्रयोग करूच नका. फळी स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांनी तपासा.

स्पीकर त्या फळीवर मुळीच नकोत. त्यांचीच थरथर सुईत परत येईल. ते वेगळ्या स्टँडवर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर. लोखंडी पोकळ स्टँड असेल तर आत पूर्ण वाळवलेली वाळू भरा, घणघण जाते. खाली कडप्पा आणि त्याखाली रबर. तो शक्यतो तुळईवर येईल असं पाहा. ॲम्प्लिफायर कपाटात कोंडू नका, वर वीतभर मोकळी जागा हवी.

राहिली वीज. तुमच्याकडे खरा धोका आहे तो न्यूट्रल तुटण्याचा. तसं झालं तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो आणि सर्जची पट्टी तो फार वेळ सोसत नाही, जळून जाते. वायरमनकडून बोर्डातच ओव्हर-अंडर व्होल्टेज कट-ऑफ बसवून घ्या. वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. एवढं झाल्यावरही पाण्याचा पंप सुरू होताना स्पीकरमध्ये खट्ट आवाज येत असेल, तर कंडिशनर महिनाभर घरी लावून बघायला मागा. दुकानदार तयार होईल, तेव्हाच किमतीचं बोला.