मिसिंग कुठून येतंय?

पावसाळ्यात सकाळी जुनी गाडी सुरू होते, पण धक्के खात चालते. सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला तरी पिकअप नसतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ मारते. आमच्या घरच्या प्रीमियर पद्मिनीने हे सुरू केलं तेव्हा एका गॅरेजने आधी प्लग बदलले, मग कार्बोरेटर खोलून किट टाकलं, मग कॉईल बदलली. दरवेळी दुपारी गाडी छान चालायची, बिल चुकतं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

दुपारी बरी होते, हाच खरा पुरावा होता. इंजिन तापलं की आसपासचा दमटपणा उडून जातो, म्हणजे संशय पेट्रोलआधी करंटवर घ्यायला हवा. तळेगावच्या एका वयस्कर मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी नेमकं हेच विचारलं: थंड असताना होतं की गरम झाल्यावर? मग रात्री, दमट हवेत, गाडी पुरती थंड झाल्यावर त्यांनी बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू करायला सांगितलं. अंधारात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर निळसर ठिणगी सरपटताना दिसली. कॅप काढून पुसली, तर आतून पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ: केसाएवढा तडा आणि त्यात बसलेला कार्बन. प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच करंट त्या रेघेवरून अर्थ होत होता. नवी कॅप बसली आणि मिसिंग थांबलं.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. अशा इंजिनात कोणता सिलिंडर मेलाय हे शोधायला पैसे लागत नाहीत. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून, रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. इंजिन डगमगलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. उघड्या हाताने वायरला अजिबात हात लावू नये, झटका जबर असतो. मग त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात टाकून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लगच खराब. प्लगचा रंगही बोलतो: फिकट तपकिरी चांगला, कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट ओला असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हमधून ऑईल चढतंय.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या एमपीएफआय गाडीवर मात्र हा वायरचा प्रयोग करू नये. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. तिथे स्कॅनर लावावा. ‘पी ०३०१’ असा कोड आला तर पहिला सिलिंडर मिसिंग करतोय.

आवाजांची गोष्ट जास्त नाजूक. कुठलाही नवा आवाज आला की सर्वांत आधी डिपस्टिक काढून ऑईल बघावं. निम्मे लोक हेच विसरतात. वरून येणारी बारीक, एकसारखी टिकटिक बहुधा टॅपेटची असते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ती इंजिनाच्या मानाने संथ वाटते. फीलर गेज लावून गॅप जुळवला की जाते. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी अशीच टिकटिक येते आणि लोक उगाच टॅपेट आवळत बसतात. थंड असताना ठकठक आणि तापल्यावर शांत, तर पिस्टन ढिला झालाय. खंडाळ्याचा घाट चढताना किणकिण आली तर टायमिंग तपासायचं.

खालून, लोडवर येणारा जड ठोका वेगळा. प्लगची वायर काढल्यावर तो कमी झाला, तर त्या सिलिंडरचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय. टॅपेटचा आवाज वायर काढल्याने बदलत नाही. अशा ठोक्याबरोबर ऑईलचा लाल दिवा लागला, तर इंजिन तिथेच बंद करावं आणि गाडी टो करून न्यावी. पुढच्या पंपापर्यंत रेटली, तर बेअरिंगच्या कामाचं क्रँकशाफ्टचं काम होतं.