शिकायचे किती आणि पुढे सरकायचे केव्हा?

कापडाच्या धंद्यात नवा हुन्नर शिकणारा माणूस दोन प्रकारे नुकसान करून घेतो. एक तर तो अर्धवट शिकून उठतो, नाही तर पुरेसे आल्यावरही तेथेच बसून राहतो. पहिल्याला लोक हसतात, दुसऱ्याला मेहनती म्हणतात. म्हणून दुसरे नुकसान उशिरा कळते. दारव्ह्यात दुकान चालविताना आम्ही दोन्ही केले आहे.

दुकानात आमचा पहिला धडा सूत ओळखण्याचा होता. काठाचा धागा काढून काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आठ दिवसांत हे आले आणि आम्ही स्वतःला पारखी समजू लागलो. मग नागपूरच्या गांधीबागेतून सुती म्हणून काही तागे उचलले. ताणा जाळून पाहिला, बाणा पाहिलाच नाही. तो पॉलिएस्टरचा निघाला. उन्हाळ्यात गिऱ्हाईके शिवलेले शर्ट दाखवायला घेऊन आली.

उलटी चूक २०१७ ची. १ जुलैला जीएसटी लागू झाला. आमचे शिक्षण उर्दूतून, त्यात संगणक नवा. तरी बिल करणे, खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून वजा करणे, महिन्याचा मेळ घालणे ऑगस्टअखेर जमले. चूक कोणत्या बिलात आहे हे कोणाला न विचारता सापडू लागले. तेथेच उठायला हवे होते. पण गोडी लागली होती. तयार कपड्यांचे दर तोंडपाठ केले : नगाला हजार रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १२. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ते अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८ झाले. भिंतीवर तक्ता लावला असता तरी भागले असते!)

इकडे गिऱ्हाईक शिलाईचे कापड सोडून तयार शर्ट मागत होते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होते. आम्ही अगदी तोंडावर माल आणला, तोही प्रत्येक मापाचे सारखे नग. ही कापडवाल्याची खोड. ताग्याचा उरलेला तुकडा कटपीसमध्ये जातो, पन्हा मोठा असला तर कापड कमी लागते, काही ना काही जुळते. शर्टाचे तसे नाही. ४० आणि ४२ चार दिवसांत संपले, ३८ आणि ४४ पडून राहिले. सोयाबीन विकून आलेला शेतकरी सगळ्या घराचे कपडे एकदाच घेतो. एक माप नसले की तो पूर्ण खरेदी घेऊन समोरच्या दुकानात जातो.

आता आम्ही एवढेच पाहतो, की उरलेल्या प्रश्नांचा रोजच्या गल्ल्याशी संबंध आहे काय? कराचे गुंते महिन्याची फी देऊन सल्लागाराकडे सोपविले. वाचलेला वेळ मापांच्या वहीला दिला. त्या वहीत विकलेला माल नाही, तर मागितलेले पण दुकानात नसलेले माप लिहायचे. दोन हंगामांनंतर मोठ्यांच्या शर्टाची खरेदी वही न उघडता करता येऊ लागली आणि ते पान आम्ही बंद केले.

लहान मुलांच्या कपड्यांचे पान मात्र चालू आहे. आई माप सांगत नाही, वय सांगते. आणि सहा वर्षांची दोन मुले एका अंगाची नसतात. तेथे आम्ही अजून विचारूनच माल भरतो.